मोठ्या आवाजाचा पंखा

खांदा कॉलनीतल्या सकीनाच्या घरात मिक्सरपासून पडद्यांपर्यंत प्रत्येक वस्तू व्हिडिओ कॉलवर पसंत झालेली होती. नवरा नियाज कुवेतला. दुकानात फोन उभा धरायचा, वस्तू फिरवून दाखवायची, तिकडून मान हलली की इकडे बिल. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. सकीनाने ते इतकी वर्षं मुकाट्याने चालवून घेतलं होतं. आज मात्र ती बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन घ्यायला निघाली होती आणि घरातूनच तापून निघाली होती.

कारण होती तिची लेक हुदा. नववीतली पोर, आणि तिला दमा. बाथरूमला खिडकी नाही, नुसतं डक्टमध्ये उघडणारं एक भोक. गरम पाण्याची वाफ आत कोंडायची, छताला काळी बुरशी धरायची. सकीना घासून काढायची, बुरशी पुन्हा हजर. परवा हुदा आंघोळ अर्धी टाकून भिंतीला धरून बाहेर आली ती ओठ निळे पडलेली. पंप देऊन तिचा श्वास जागेवर येईपर्यंत सकीनाचा जीव थाऱ्यावर नव्हता. औषधाइतकीच खेळती हवा हवी, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं.

दुकानदार केतनला या गिऱ्हाइकाची रीत पाठ होती. भाईंना फोन लावा, म्हणाला. फोन लागला आणि दोघे पुरुष तिच्या डोक्यावरून बोलू लागले. नियाजला चार इंची, चपटा, पांढराशुभ्र पंखा आवडला. दिसायला झकास, आवाज नाही, आणि मुख्य म्हणजे सुट्टीत त्याने स्वतः निवडून बसवलेल्या टाइल्स फोडायला नकोत. केतनने तो चालू करून पंख्यापुढे कागद धरून दाखवला, कागद जरासा थरथरला. सकीनाने झडपांचा आठ इंची लोखंडी पंखा चालू करायला सांगितला. कागद उडून थेट जाळीला चिकटला.

"केवढा आवाज आहे याचा," नियाज फोनवरून म्हणाला. "मी आलो की माझी नींद हराम. आणि टाइल्सना हात लावायचा नाही."

सकीनाच्या डोक्यात तिडीक गेली. पोरीचे निळे ओठ या माणसाने पाहिले नव्हते, आणि काळजी कसली तर स्वतःच्या झोपेची.

"तुम्ही वर्षातून एक महिना इथे आंघोळ करता," ती म्हणाली. "हुदा रोज करते."

आणि तिने फोन कापला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. केतन चाचरत विचारू लागला, मग भाईंचं नक्की काय ठरलं? गिऱ्हाईक तुमच्या समोर उभं आहे, असं सांगून तिने आठ इंची पंखा बांधायला लावला.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, टाइल्स फुटल्या, भोक मोठं झालं. संध्याकाळी नियाजचा फोन आला तेव्हा त्याचा राग अजून उतरला नव्हता. आत हुदा आंघोळ करत होती, चक्क गाणं म्हणत. बाहेरच्या खोलीपर्यंत पंख्याची घरघर येत होती. हा कसला गोंगाट, एक शब्द ऐकू येत नाही, ते आधी बंद कर, असं नियाजने फर्मावलं.

"पंखा चालूच राहील," सकीना म्हणाली. "तुम्ही मोठ्याने बोला."