डावी सहा, उजवी सात

त्या दिवशी आमच्या वाशी गावात सकाळपासून गार वारं सुटलं होतं. ऊन होतं, पण अंगाला लागत नव्हतं. बाजारात माणूस नव्हतं. मी दुकानाच्या वरच्या फळीवर पडून होतो, तीन वर्षं तिथंच होतो.

मी बायकांच्या चपलांचा एक जोड. माझी डावी चप्पल सहा नंबरची, उजवी सात.

जन्मलो तेव्हा असा नव्हतो. दिवाळीच्या गर्दीत दोन खोकी एकदम उघडली गेली. तेरखेड्याचा एक बाप लेकीसाठी जोड घेऊन एसटी धरायला पळाला, आणि माझी एक चप्पल त्याच्याबरोबर गेली, त्याच्या जोडाची एक माझ्याजवळ राहिली. तो काही परत आला नाही. नवी चप्पल चावतेच, असं म्हणून लेकीनं सोसलं असेल.

दुकानाचे मालक बलभीमअण्णा. शाळा पाहिलेली नाही, पण अंधारातसुद्धा हात लावून माल ओळखतात. माझ्यावरची धूळ झटकायचे आणि म्हणायचे, "असू दे."

त्या दिवशी नात वैष्णवी उरलेला माल सवलतीत काढायला कॉम्प्युटरवर तक्ता करत होती. तक्त्यात आला तो विकायचा, न बसेल तो संध्याकाळी भंगारात. मला हातात घेऊन ती अडली.

"आजोबा, याचा नंबर काय टाकू? एका ओळीला एकच नंबर हाय. बसंना झालंय हे तक्त्यात."

"मग तक्ता सैल कर की, बाई."

"तक्ता काय चप्पल हाय व्हय, सैल करायला?"

अण्णा हसले. खाली बसले. सावकाश म्हणाले, "नवा माल डझनानं येतोय, त्याला एक ओळ पुरती. उरलेला मातर एकेकटाच उरतोय. कुणाचा रंग उन्हानं गेला, कुणाचं बक्कल न्हाय. ज्याची त्याला ओळ दे. अन् का उरला ते बी लिही. गिऱ्हाइकाला कळू दे."

जुन्याच तक्त्यात नुसती सवलत टाकायचं वैष्णवीनं सोडलं आणि उरलेल्यांचा वेगळा तक्ता मांडला. एक जोड, एक ओळ. डावीचा रकाना निराळा, उजवीचा निराळा. शेवटी कारण. मला कुणीतरी जसा आहे तसं लिहिलं. त्या ओळीचे उपकार मी विसरणार नाही.

मग तिनं तक्ता मोठ्यानं वाचला. "डावी सहा, उजवी सात. कारण, गर्दीत अदलाबदल."

"परत वाच गं," शेजारून आवाज आला.

शेजारी हरणाबाईंचं बांगड्यांचं दुकान. कधीकाळी गाडीच्या चाकाखाली सापडून त्यांचा उजवा पाय फाकून डाव्यापेक्षा एका नंबरानं मोठा झाला होता. तो पोत्याखाली झाकून त्या बसायच्या. कुणाला कळू नये म्हणून आठवडी बाजारातून दोन मापांचे दोन-दोन जोड घ्यायच्या, प्रत्येकातली एकेक चप्पल घरात पडून राहायची. अण्णांनाही हे ठाऊक नव्हतं.

आता मी त्यांच्या पायांत आहे. टाच झिजलीय, सुख आहे. माझं मागणं एवढंच, की उरलेल्याला टाकण्याआधी तो का उरला, ते एकदा विचारा.

त्या दिवशी हरणाबाई मला घालून चार पावलं चालल्या, पाय न झाकता. मग अण्णांकडं वळून म्हणाल्या, "अण्णा, कुणाच्या तरी घाईनं माझंच माप काढलं की हो!"