पायजम्यातला पोस्टमन

इमोजेन थ्रेलफॉल यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या एका साप्ताहिकात होती. बातमी कुणीही लिहो, मथळा तिचाच. एका अक्षरावरून शब्द जुळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. निवृत्त पोस्टमन सेड्रिक ओल्ड्रॉइड अंधारातच घराबाहेर पडून बंद दुकानांच्या दारांत जुनी मासिकं सरकवताना सापडले, तेव्हा तिनं शब्द ओठांवर घोळवले आणि मथळा दिला : ‘पायजम्यातल्या पोस्टमनची पहाटे परेड’. संपादक पोट धरून हसले. सेड्रिकना हल्ली विस्मरण होतं, असं एक वाक्य बातमीत होतं. जागा कमी पडली म्हणून इमोजेननंच ते कापलं.

शुक्रवारी ती तळलेल्या मासे-बटाट्याच्या दुकानात रांगेत उभी होती. पुढे सेड्रिक, बायको मॉरीनसोबत. अंगात सूट, गळ्यात टाय. खिडकीजवळच्या दोन मुली पाय आपटत पुटपुटत होत्या, ‘पायजमा पोस्टमन, पायजमा पोस्टमन.’ सेड्रिकनी हसून त्यांना हात केला.

“काय सेड्रिक, कुणाचं लग्न आज?” दुकानदारानं विचारलं.

ते बायकोकडे बघू लागले.

“रात्रीही असेच झोपतात,” मॉरीन हळूच म्हणाली. “म्हणतात, चुकून बाहेर गेलोच, तर कपडे तरी धड असावेत.”

इमोजेनचे कान तापले. निघून जावंसं वाटलं, पण ती पुढे झाली.

“ओल्ड्रॉइडबाई, तो मथळा माझा होता.”

“ठाऊक आहे. गावात दुसरं कोण लिहितं तसं? आमच्या नातवालासुद्धा पाठ आहे.”

“पुढच्या अंकात मी माफी छापते.”

“नको गं पोरी. परत सगळे वाचतील.”

सेड्रिक तिच्याकडे निरखून बघत होते.

“थ्रेलफॉल ना? हिरव्या दाराचं घर. तुमचा कुत्रा भारी चावरा.”

कुत्रा मरून कैक वर्षं झाली होती. “हो,” ती म्हणाली, “सांभाळून या.”

सोमवारी तिनं संपादकांना सांगितलं, यापुढे साधे मथळे देईन.

“का? लोक हसले की. त्यात वाईट काय?”

कापलेल्या वाक्याबद्दल सांगायला तिची जीभ रेटेना. “कंटाळा आला,” एवढंच ती म्हणाली.

मथळा मात्र गावात राहिला. सेड्रिक बाजारात दिसले की कुणी तरी तो म्हणायचंच. आणि इमोजेन दिसली की थांबवून तिचं कौतुक करायचं.