केओनीचा रोखलेला श्वास

या, जरा पुढे सरकून बसा. एका बोलघेवड्याच्या मौनाची गोष्ट आहे.

हवाई बेटावर, मौना लोआ डोंगराच्या खांद्यावर केओनी दर आठवड्याला बाटलीत हवा भरायचा. त्या हवेत कर्बवायू किती, ते खालच्या कचेरीत मोजत. नियम सोपा. वाऱ्याकडे तोंड करायचं आणि बाटली उघडी असेतो श्वास रोखायचा. माणसाच्या उच्छ्वासातही तोच वायू ना!

पण लागोपाठ दोन बाटल्यांत माणसाचा श्वास मिसळला, त्या नासल्या. कचेरीने कळवलं, तिसरी नासली तर काम यंत्राकडे. बावीस वर्षं केओनी हा डोंगर चढत आला होता.

"आठवडाभर तोंडाचा पट्टा चालू," बायको लेइमोमी म्हणाली, "बाटलीपुढे तरी गप्प बसावं की!" आणि भाताच्या वड्या बांधून स्वतःच गाडीत येऊन बसली.

वर पोचल्यावर केओनीने वाऱ्याला पाठ केली, शिखराकडे तोंड केलं, बाटलीच्या झाकणाला हात घातला आणि बेटाच्या रीतीप्रमाणे डोंगराची परवानगी मागायला सूर लावला.

"थांब! झाकण उघडून गातोस?"

"आधी गाऊन मग उघडायचो. हल्ली वाटलं, मागणाऱ्याने भांडं उघडं धरावं."

"अरे भोळ्या, तुझी सगळी भक्ती बाटलीत शिरतेय!"

केओनीचा चेहरा पडला. "म्हणून न विचारता हवा न्यायची? त्यापेक्षा यंत्र बरं."

"मी विचारते. तू गप्प राहा."

ती वारा जातो तिकडे दूर गेली आणि खणखणीत गाऊ लागली. केओनीने वाऱ्याकडे तोंड केलं, श्वास रोखला, बाटली उघडली. लेइमोमीने डोंगराबरोबर आपल्या सगळ्या आज्या-पणज्याही आळवल्या. गाणं संपेतो बाटली मिटता येईना. केओनी लालबुंद झाला, पण 'आवर' म्हणायचीही सोय नव्हती!

आठवड्याने निरोप आला. बाटली चोख, काम तुमचंच. आणि मे महिन्यापेक्षा कर्बवायूचा आकडा थोडा उतरलाय.

"हा वायू झाडं पितात, पण आपली तर बारमाही हिरवी," लेइमोमी म्हणाली. "मग वायू प्यालं कोण?"

"उत्तरेकडची रानं. हिवाळाभर उघडीबोडकी असतात. पालवी फुटली की उन्हात बसून पितात. पानगळीनंतर आकडा पुन्हा चढतो."

"म्हणजे त्या झोपाळूंचा श्वास मोजायला तू आपला कोंडतोस! धन्य आहे!"

तर मंडळी, कुठे कोवळं पान दिसलं, की लेइमोमीची आठवण काढा. नवऱ्याचं काम आणि त्याचा डोंगरदेव, दोन्ही तिने एका दमात राखले.