केळीच्या बागेत माफी

आमचे अभयकुमारशेठ पाणी गाळून पितात. पायाखाली मुंगी नाही ना, हे पाहूनच पाऊल टाकतात. त्यामुळे जळगावात मेहरूणच्या तलावाला त्यांच्याबरोबर फेरी मारायची तर घरी सांगून निघावं लागतं. पर्युषणाच्या शेवटी, संवत्सरीला, फोनमध्ये असेल नसेल त्याची ते क्षमा मागतात: जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर माफ करावं. मला तो निरोप येतो, त्यांच्या प्लंबरला येतो, गॅसच्या एजन्सीलाही जातो.

अशा माणसामुळे सातपुड्याचा एक डोंगर जळाला, हे कुणाला खरं वाटलं नसतं. म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

झालं ते साधंच. चोपड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांची केळीची बाग आहे. बागेला लागून छोटा बंगला. चैत्रात बांधावर वाळक्या केळपानांचा ढीग साचला होता. राखणदार भाईदासला शेठ म्हणाले, पेटवून टाक. भाईदासने वाऱ्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं आणि काडी ओढली. शेठचा शब्द गावात कुणी मोडत नाही. वारा गावातला नव्हता. आग बांधावरून गवतात गेली, गवतातून सागाच्या पाचोळ्यात, आणि मग कुणाला न विचारता वर चढत राहिली.

विझली तेव्हा थोराड साग उभेच होते, फक्त कमरेपर्यंत काळे. खालची रोपं मात्र गेली. एक जुना पोकळ मोह बाहेरून धडधाकट दिसायचा आणि आतून जळत होता. ढोलीतून धूर निघायचा, जसं आत कुणी बिडी ओढत बसलंय. ज्याला पळता आलं ते पळालं. तितराच्या अंड्यांना, कासवाला, कात टाकत पडलेल्या सापाला ते जमलं नाही. पेपरात आलं की अज्ञात इसमाने आग लावल्याचा संशय आहे. शेठनी ती बातमी मोठ्याने वाचली आणि अज्ञात इसमाला नावं ठेवली. मी समोरच बसलो होतो; काडीचं मला भाईदासकडून आधीच कळलं होतं. मला हवापालटासाठी बोलावलं होतं. हवेत राख होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी भाईदास पायरीशी येऊन उभा राहिला.

"शेठ, बागमा कोन्ही तरी शे."

"कोण?"

"बठ्ठा." म्हणजे सगळेच.

आम्ही बांधापर्यंत गेलो. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत केळीखाली हिरवा, ओला अंधार. ठिबकच्या नळ्या झिरपत होत्या. डोळे सरावले तेव्हा पहिल्यांदा नीलगाय दिसली. मग तिच्या पायाशी ससे. मग साळींदर, अर्ध्या अंगावरचे काटे जळालेला. ओळीच्या शेवटी बिबट्या पडला होता, पंज्यांवर हनुवटी ठेवून, आणि सशांपासून हातभर अंतरावर. वर घड लोंबत होते, खाली वानरं बसली होती, आणि घडाला एकाही वानराने हात लावला नव्हता. खान्देशात वानराने केळ्याकडे पाठ फिरवावी, इथंच माझ्या मानेवर काटा आला.

कुणी ओरडत नव्हतं. कुणी खात नव्हतं. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती. मी वळून पाहिलं. त्या दिशेला फक्त शेठचा बंगला होता.

केळी कापायला आलेली माणसं बांधावरूनच परत फिरली. भाईदासने फटाके सुचवले. जीवहिंसा होईल, असं म्हणून शेठनी ते नाकारलं. असं बोलताना माणसाच्या चेहऱ्यावर काहीच दिसू नये, याचं मला कौतुक वाटलं.

शेठच्या आई झमकूबाई गच्चीत बसून हे पाहत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, वजन केळीच्या एका घडाएवढं. त्यांनी मुलाला वर बोलावून विचारलं, आग कुणी लावली. शेठ म्हणाले, अज्ञात इसमाने.

"ठीक," झमकूबाई म्हणाल्या. "तो इसम या जीवांसमोर उभा राहून माफी मागेपर्यंत मी अन्न घेणार नाही."

पेपरवाल्यांना ठाऊक नाही, पोलिसांना ठाऊक नाही, मग तो सापडायचा कसा, असं शेठनी विचारलं. सापडेल, असं म्हणून झमकूबाईंनी माळ घेतली.

त्यानंतर झमकूबाई दिवसा उकळलेलं पाणी तेवढं घ्यायच्या. सूर्य बुडाला की तेही बंद. आवाज बारीक होत गेला. काही दिवसांनी चोपड्याहून डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि शेठना बाहेर बोलावून सांगितलं की आज संध्याकाळच्या आत पोटात काही गेलं नाही, तर उद्याचं मी सांगू शकत नाही. बागेतली मंडळी तशीच होती. रोज बंगल्याच्या बाजूला एकेक ओळ पुढे सरकलेली, एवढाच फरक.

मग शेठ व्यापाऱ्याला साजेसं वागले. त्यांनी भाईदासला बाजूला घेऊन सुचवलं की तू जा आणि माफी मागून ये.

भाईदास चप्पल घालत म्हणाला, "काडी मी लाई, म्हनीसन जास. पन सांगनारा तुम्हीज व्हतात, शेठ."

तो खरंच गेला. हात जोडून काहीतरी पुटपुटला आणि लगेच परत आला.

"मन्हाकडे देखंबी नही कोन्ही. तुम्हना बंगलाकडेज देखतस."

शेठ माझ्याकडे पाहून म्हणाले, चला. मी बांधापर्यंत गेलो. त्यापुढे आमची मैत्री नव्हती.

ते आत शिरले. सवयीने पायाखाली पाहत. पानांची घासाघासही थांबली होती. नीलगायीसमोर उभं राहून त्यांनी हात जोडले आणि दर संवत्सरीचं वाक्य म्हटलं: जाणता-अजाणता काही दुखावलं असेल तर. बिबट्याने डोळे मिटले आणि उघडले. बाकी कुणी कानही हलवला नाही. शेठनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

मग त्यांनी जोडलेले हात सोडले. मला वाटलं, परत फिरतात. ते खाली बसले, ओल्या मातीत, पांढऱ्या कपड्यांनिशी.

"अजाणता नाही," ते म्हणाले. "वारा सुटलेला मला दिसत होता. तरी मी लावायला सांगितली."

आधी एक पान फाटल्याचा आवाज झाला. मग बिबट्या उठला, त्याने अंग ताणलं आणि शेजारचा ससा उचलला. ससा ओरडला; जनावरांपैकी कुणाचा तो पहिला आवाज. पाठोपाठ सगळी बाग फुटली. नीलगाय ठिबकच्या नळ्या तोडत माझ्या अंगावरूनच गेल्यासारखी गेली. वानरांनी घड ओरबाडले, खाल्ले त्याहून जास्त फेकले, आणि ती डोंगराकडे पळाली. शेठ त्या धुमाळीत डोक्यावर हात घेऊन बसले होते.

ते आईकडे गेले तेव्हा झमकूबाईंची सून चेलना मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन उभी होती. ऊन उतरलं होतं. शेठनी आईला सगळं सांगितलं, काडीपासून सशापर्यंत. झमकूबाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. ससा गेला म्हणजे ते जीव पुन्हा जनावरं झाले, एवढंच म्हणाल्या. वाटी ओठांशी नेली आणि थांबल्या.

"सगळे गेले?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. चेलनाच्या डोळ्यांत तेच होतं, माझ्याही असावं. खिडकीतून ऊन भिंतीवर वर वर चढत होतं.

"एक नाही गेली," शेठ म्हणाले.

झमकूबाईंनी वाटी खाली ठेवली. "मला तिथं ने."

शेठनी त्यांना उचलून नेलं. मागे चेलना वाटी घेऊन, तिच्यामागे मी.

जळालेल्या बांधावर एक वानरीण बसली होती. तिच्या पोटाशी पिल्लू होतं, कोळशासारखं काळं. वानराचं तोंड काळंच असतं. याचं सगळंच काळं होतं. त्याचा एक हात खाली लोंबत होता. ती मधूनच त्याच्या डोक्यावरून बोटं फिरवायची, उवा पाहतात तशी.

मायलेक तिच्यासमोर बसले. वाक्य पुन्हा म्हणायचं शेठच्या मनात आलं असावं. त्यांनी हात जोडले आणि पुन्हा मांडीवर ठेवले. झमकूबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. सूर्य सागाच्या काळ्या खोडांमागे उतरू लागला. डोंगरावरचा मोह अजून धुमसत होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. वानरीण उठली. दोन पायांवर चालत जवळ आली, थेट शेठच्या पुढ्यात. तिने पिल्लू त्यांच्या मांडीवर ठेवलं, त्याचा लोंबता हात नीट उचलून त्याच्या छातीवर घेतला आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग ती वळली. राखेतून चढ चढताना तिच्या पावलांचा आवाज होत नव्हता. तिने मागे पाहिलं नाही.

शेठ हलले नाहीत. त्यांच्या पांढऱ्या धोतरावर काजळी पसरत होती.

"आता दे," झमकूबाई चेलनाला म्हणाल्या. सूर्याची कड अजून दिसत होती. त्यांनी मुगाचं पाणी घोट घोट करून संपवलं, आणि रिकामी वाटी बाजूला ठेवून मुलाला मांडीवरचं ते पिल्लू नीट झाकून घ्यायला आपला पदर दिला.