ओढ्याच्या अलीकडे

पेरूला जाऊन अँडीजच्या डोंगरांत पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडायचं, हा बेत चारुता आणि तिची मैत्रीण मिताली यांनी मिळून आखला होता. तिकिटं निघाली, आणि मितालीचं लग्न ठरलं. तिने अंग काढून घेतलं. आता एकटीने जायचं की बेतच रद्द करायचा, हे चारुताला ठरवता येईना. सराव मात्र मोडायला नको, म्हणून डिसेंबरातल्या एका वीकेंडला ती ऑस्ट्रेलियातल्या स्नोई माउंटन्समध्ये जायला निघाली.

"मी येतो," बाबा म्हणाले.

विलासराव पुण्याहून लेकीकडे गुंगालिनला आले होते. निवृत्त इंजिनिअर. तब्येत ठणठणीत, पण माघार घेणं त्यांना ठाऊकच नव्हतं. रस्त्यावर ते फोनच्या नकाशाशी भांडले, तंबू कसा उभारायचा यावरून चारुताशी. सॅकमध्ये त्यांनी चकल्यांचा स्टीलचा डबा कोंबला होता आणि पहिल्याच चढावर "वजन फार झालं बुवा" म्हणून तो तिच्या सॅकमध्ये गेला. माश्या डोळ्यांत शिरत होत्या. दुपारी त्या गेल्या, तर थंडगार वारा सुटला आणि समोरचा सगळा डोंगर धुक्याने पुसून टाकला. इकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, तरी बारीक गारा पडू लागल्या.

मुक्कामाची जागा ओढ्यापलीकडे होती. एरवी दगडांवरून सहज ओलांडता येणारा ओढा आता फुगला होता. दगडांवरून पाणी वाहत होतं.

"बूट काढून जाऊ. गुडघ्याएवढंच असेल," चारुता म्हणाली. इथून परतलो तर अँडीजचं नावही काढायला नको, असं तिला वाटत होतं.

विलासराव खडकावर बसले.

"चारू, मी नाही येत."

"दमलात का? थोडं थांबू."

"दमलो नाही. मला भीती वाटते."

चारुता बघतच राहिली. आजारपण, बदल्या, आईचं जाणं, सगळं तिने पाहिलं होतं. हे वाक्य बाबांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिने पुन्हा पाण्याकडे पाहिलं. बूट काढू म्हटलं, पण आपण अजून नाडीलाही हात लावलेला नाही, हे तिला आत्ता कळलं.

"मलाही वाटतेय," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही काय म्हणाल म्हणून."

विलासरावांना हसू फुटलं. "आणि मी तू काय म्हणशील म्हणून इथवर चालत आलो!"

दोघं मागे फिरले. उताराच्या आडोशाला वारा कमी होता. तिथे त्यांनी तंबू लावला. एक दांडी मोडली होती. ती विलासरावांनी बुटाच्या नाडीने बांधली, आणि तरीही तंबू एका बाजूने त्यांच्या नाकावर टेकला. शेगडी पेटेना म्हणून जेवणाला चकल्याच. चारुताने डब्याबद्दल एक अक्षरही काढलं नाही.

सकाळी तंबूबाहेर कुणीतरी खसाखसा अंग घासत होतं. चेन उघडून पाहिलं तर रात्रीतून पडलेल्या शुभ्र बर्फात अस्वलाच्या पिल्लासारखा एक गुबगुबीत वॉम्बॅट तंबूच्या दोरीला पाठ घासत होता. त्याने दोघांकडे पाहिलं, मनसोक्त खाजवून घेतलं आणि कोवळ्या उन्हातून सावकाश निघून गेला. धुक्याचा मागमूस नव्हता. रांगेमागे रांग, सगळे डोंगर पांढरे झाले होते.



"पेरूला एकटी जाऊ नकोस," विलासराव म्हणाले. "एखादा ग्रुप बघ. पण जा."

"तुम्ही येता?"

"छे! अगं, तिथे हवाच विरळ. मग भांडायचं कसं?"

चारुता हसली. आणि मग दोघं मिळून भिजलेला तंबू झटकू लागले.