दोन नंबरांचा फरक

आमच्या शाळेत भुताच्या सिनेमाचं शूटिंग झालं तेव्हा मी अकरावीत होते. जानेवारीची सुट्टी होती, म्हणजे नावाला सुट्टी. जादा तासांना रोज सकाळी आठला हजर राहावंच लागायचं. शाळेच्या मागची जुनी प्रयोगशाळेची इमारत मार्चमध्ये पाडायची होती, म्हणून मुख्याध्यापकांनी ती तीन आठवडे सिनेमावाल्यांना दिली. सिनेमाची गोष्टही मुलींच्या शाळेतलीच. कायम दुसरी येणारी एक मुलगी परीक्षेच्या धास्तीनं जीव देते आणि भूत होऊन परत येते. मग निकालाच्या यादीतल्या क्रमानं एकेकीला संपवत जाते. गर्दी दाखवायला त्यांना गणवेशातल्या तीस मुली हव्या होत्या.

ब्यॉन सर आमचे वर्गशिक्षक, गणित शिकवायचे. त्यांनी सूचना वाचून दाखवली आणि कागदाची घडी घालत म्हणाले, "पहिल्या पंचविसांनी हात वर करायचा विचारसुद्धा करायचा नाही. त्याखालच्यांनी खुशाल जा. तुम्ही अभ्यास केलात काय नि नाही केलात काय, कोणाचं काही अडत नाही."

वर्ग हसला. मीही हसले. अडतीस मुलींत माझा नंबर एकतिसावा होता.

दहावीत मी वर्गात नववी आले होते. मग अठरावी, मग चोविसावी. आईला अठरापर्यंतचंच माहीत होतं. ती आमच्या इक्सान शहरातल्या एका दागिन्यांच्या कारखान्यात खडे घासायची, दिवसभर खाली मान घालून. तिच्यापुढे चोवीस हा आकडा ठेवायचं माझ्या जिवावर आलं. सहीऐवजी वापरायचा तिच्या नावाचा शिक्का कपाटाच्या खणात असायचा. तो प्रगतिपुस्तकावर मीच उमटवला आणि सरांना परत दिलं. एकतिसाच्या वेळीही तेच केलं.

माझ्या बाकावरची सोल्बी तिसावी होती. ती माझ्या कानाशी लागली, "आयुष्यात पहिल्यांदा खालच्या नंबराचा फायदा होतोय. सोडतेस की काय?"

मी हात वर केला. घरी सांगितलं की जादा तास वाढलेत.

शूटिंग दिवसाचंच चालायचं. खिडक्यांना काळी कापडं ठोकून भर दुपारी रात्र करायची. दुसऱ्याच दिवशी प्यो नावाचा दिग्दर्शक आमच्या रांगेसमोरून फिरला. तिशीचा असेल, दाढी वाढलेली, डोळे झोपेला आचवलेले. माझ्यापाशी थांबून म्हणाला, "केस सोड. आता त्या टोकापर्यंत चालून दाखव. आवाज न करता."

मी नेहमी चालते तशी चालले. बाराव्या वर्षापासून मी घरात तशीच चालत होते. आई कारखान्यातून येऊन आडवी झालेली असायची.

"हीच," तो म्हणाला.

भुताचं काम करणारी नटी राजधानी सोलहून यायची आणि तिला वेळ कमी असायचा. पाठमोरं भूत, भुताचे पाय, भुताचा हात हे सगळं माझ्याकडे आलं. रोज सकाळी तासभर बसवून माझा चेहरा पांढरा करायचे, डोळ्यांखाली निळसर काळं लावायचे. त्या थंडगार फरशीवर अनवाणी चालताना पाय बधिर व्हायचे. पण प्रत्येक वेळी 'कट' झालं की कोणीतरी म्हणायचं, "छान केलंस." त्या शाळेत हे शब्द मला उद्देशून कोणी उच्चारल्याचं मला आठवत नव्हतं. घरी जाताना पायांना ठणका लागायचा आणि मनातून मी खूष असायचे. आणि आईला खोटं सांगत होते, ते त्या खुषीत खड्यासारखं टोचायचं.

शाळेच्या फाटकाबाहेर एका मावशींची गाडी होती. लाल तिखट रश्श्यातली त्तोकबोक्की, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या कांड्या, आणि काड्यांना लावलेल्या माशांच्या वड्या. त्यांचं नाव आम्ही कधी विचारलं नव्हतं. पाच वर्षांपासून त्या तिथे होत्या एवढंच वरच्या वर्गातल्या मुली सांगायच्या. पोरींना संध्याकाळच्या अभ्यासिकेआधी न खाता आत जाऊ द्यायच्या नाहीत. "ए, रिकाम्या पोटी गणित सुटतं का?" असं ओरडून हाक मारायच्या.

एकदा मी तोंड न धुताच त्यांच्याकडे गेले. त्या दचकल्या आणि मग रागावल्या.

"हे काय सोंग ग? घे आधी, गरम पी." त्यांनी कागदी पेल्यात कढ ओतला. "काय करता काय आत? रोज गाड्या येतात."

सोल्बीनं हातवारे करत सगळी गोष्ट सांगितली. मावशी रस्सा ढवळत ऐकत होत्या.

"म्हणजे ती पोर परत येऊन मैत्रिणींना मारते?"

"हो ना! पहिल्या नंबरवालीला तर अशी—"

"का पण?"

"सूड, मावशी. भूत आहे ती."

"आईकडे नाही जात?"

सोल्बीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सिनेमात तिला आई नाहीये. म्हणजे दाखवली नाहीये."

मावशींनी पळी बाजूला ठेवली. "मेलेली पोर शाळेत कशाला येईल?" त्या म्हणाल्या. "जिवंतपणी धड आवडायची नाही तिला शाळा." मग आमच्याकडे न बघता पुढच्या गिऱ्हाइकाला वाढायला लागल्या. 'तिला' म्हणजे कोणाला, हे तेव्हा आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात निकालाच्या यादीचा प्रसंग घ्यायचा होता. भूत यादीवरून बोट फिरवत खाली येतं आणि एका नावावर थांबतं. सजावटीच्या कामाला जिन्हा नावाची एक मुलगी होती. खरी यादी कशी दिसते ते बघायला तिनं ब्यॉन सरांकडे नमुना मागितला होता. सरांनी कपाटातून एक जुनी फाईल काढून न बघताच तिच्या हातात दिली होती. जिन्हानं तीच यादी, तीच नावं, मोठ्या अक्षरांत छापून फळ्यावर लावली. मी सकाळभर त्या नावांवरून बोट फिरवत होते. एकही ओळखीचं नव्हतं.

त्या दिवशी बर्फामुळे जेवणाची गाडी अडकली. जिन्हानं फाटकावर जाऊन मावशींनाच पन्नास माणसांचं किंबाप, म्हणजे भाताच्या गुंडाळ्या, करायला सांगितलं. दुपारी एकच्या सुमारास मावशी दोन मोठ्या टोपल्या घेऊन आत आल्या. टोपल्या टेबलावर ठेवल्या, हात पुसले आणि वळल्या. समोर दिव्यांच्या उजेडात यादी होती.

आधी त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग जवळ गेल्या. मी फळ्याला टेकूनच उभी होते, तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचं बोट नावांवरून खाली आलं, अगदी मी सकाळपासून करत होते तसंच, आणि थांबलं.

"मा दासोम," त्या म्हणाल्या. "एकोणिसावी." मग वळून विचारलं, "कोणी लावलं हे?"

जिन्हा पुढे आली. "मी. काही चुकलं का, मावशी?"

"चुकलंय ना. एकोणिसावी नव्हती ती. सतरावी होती. एक उत्तर बरोबर असून चूक धरलं होतं. ती सांगायला गेली होती."

"तुम्ही ओळखता हिला?"

"माझी मुलगी," मावशी म्हणाल्या.

 गर्दीतल्या एका मुलीनं सोल्बीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि सोल्बीचा चेहरा उतरला. त्या मुलीच्या थोरल्या बहिणीच्या वेळची गोष्ट. दासोम खिडक्या पुसताना पडून वारली असं शाळेनं सांगितलं होतं. खिडक्या पुसायची पाळी तिची नव्हती, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

प्यो धावतच पुढे आला. दोन्ही हात जोडल्यासारखे धरून खाली वाकला. "आम्हाला कल्पना नव्हती. आत्ता काढतो. जिन्हा, काढ ते!"

"काढू नका," मावशी म्हणाल्या. "ब्यॉन सरांना बोलवा."

सर आले तेव्हा हातात लाल पेन होतं. पेपर तपासतच उठले असावेत. दारातच त्यांना मावशी दिसल्या. पाच वर्षं सर मागच्या फाटकानं जायचे-यायचे आणि आम्ही त्यावरून विनोद करायचो की सरांना उधारी चुकवायची असेल.

"दासोमच्या आई," ते म्हणाले. आवाज अगदी खाली होता. "माझी चूक झाली. फाईल बघून द्यायला हवी होती."

"ते जाऊ दे, सर. नंबर दुरुस्त करा."

"आता... त्या वर्षाची नोंद बंद झाली आहे. आता दुरुस्त करून—"

"नोंदीचं नाही म्हणत मी. ह्याच्यावर करा. तुम्ही तिला म्हणाला होता, करतो."

सर पेन हातात फिरवत उभे राहिले. तीस मुली, वीस-पंचवीस परकी माणसं त्यांच्याकडे बघत होती. "मुलींसमोर हे बरं नाही," ते पुटपुटले आणि दाराकडे वळायला लागले.

मी का बोलले ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांच्यासमोर वर्गात उत्तर द्यायलासुद्धा माझं तोंड उघडायचं नाही. मी फळ्याजवळच्या अंधारातून दिव्यात आले आणि म्हणाले, "सर, लिहा ना."

त्यांनी मान वळवली आणि मला पाहिलं. पांढरा चेहरा, सुटे केस, तोच गणवेश. सरांच्या तोंडून एक आवाज निघाला, लहान मूल झोपेत दचकतं तसा. पाठ दाराच्या चौकटीवर आपटली. पेन खाली पडलं. त्या क्षणी त्यांना मी दिसत नव्हते, दासोम दिसत होती. सगळ्या सिनेमात मला बघून खरोखर घाबरलेला माणूस तो एकच, आणि त्यात मला जराही आनंद झाला नाही. मला वाटलं, ही भीती आजची नाही, रोजची आहे.

"सर, मी गिल हेरिम," मी घाईघाईनं म्हटलं. "एकतिसावी."

मावशींनी खाली वाकून पेन उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. सर यादीपाशी गेले. एकोणीस खोडून त्यांनी सतरा लिहिलं. सातचा दांडा वेडावाकडा आला. मग यादीकडे तोंड करूनच बोलायला लागले.

"दोनदा आली होती स्टाफरूममध्ये. पहिल्यांदा म्हटलं, करतो; दुसऱ्यांदा माझ्यापुढे सराव परीक्षेचे पेपर होते. मी म्हटलं, दोन नंबरांनी असा काय फरक पडतो? हे बोललो मी."

"मीही तेच म्हटलं," मावशी म्हणाल्या.

सरांनी मागे बघितलं.

"घरी येऊन रडत होती. मी भाजी चिरत होते. म्हटलं, दोन नंबरांचं काय घेऊन बसलीस? पुढच्या वेळी दहावी ये, म्हणजे झालं." त्यांनी टोपलीवरचं फडकं उचललं, घडी केली, पुन्हा उलगडली. "सगळा दोष तुमच्यावर घालून बघितला मी, सर. पाच वर्षं. पुरा बसत नाही तो."

सर रडले नाहीत. ते कमरेत खूप खाली वाकले आणि तसेच राहिले. मावशी म्हणाल्या, "उठा. किंबाप गार होतंय. जेवून घ्या रे सगळे." आणि खरंच सगळ्यांना वाढायला लागल्या. सरांच्या हातातही एक पुडी दिली.

नंतर कळलं की कॅमेरा चालू राहिला होता. कॅमेरावाला प्योला हळूच म्हणाला, "असं परत मिळणार नाही." प्योनं जरा वेळ विचार केला, तेही मी पाहिलं. मग त्यानं फीत काढून मावशींपुढे धरली. "मला काय करायचीय?" त्या म्हणाल्या, पण घेतली. यादी दुसऱ्या दिवशी नवी, बनावट नावांची आली.

त्या संध्याकाळी मी चेहरा नीट न धुताच घरी गेले. आई भात वाढत होती.

"तोंडाला काय फासलंस?"

"आई, माझा नंबर एकतिसावा आलाय. चोविसावा आला होता त्यावेळीही शिक्का मीच मारला. आणि मी जादा तासांना जात नाही. सिनेमात भूत होते."

ती वाटी हातात घेऊन बघतच राहिली. "अडतिसात एकतीस?"

"हो."

"आणि मी तिथे डोळे फोडून घेते ते ह्याच्यासाठी!" तिनं वाटी आदळली. "भूत होते म्हणे! अजून काय व्हायचं राहिलंय?"

मी तिला दासोमचं सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती मला जवळ घेईल. तिनं घेतलं नाही. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. डबा मात्र रोज भरून ठेवायची. पाचव्या दिवशी कारखान्यातून आल्यावर कोट न काढताच दारात उभी राहून म्हणाली, "नंबराचं आपण मग बघू. पण मला न सांगता काही करायचं नाही. काहीही. कळलं?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मानेनं नको, तोंडानं बोल." मी म्हटलं, "नाही करणार." तेव्हा तिनं कोट काढला.

नंबराचं पुढे फारसं झालं नाही. मी सव्विसाव्यापर्यंत पोचले, एवढंच. त्यावर आमची भांडणं व्हायची, मोठमोठ्यानं, पण निकाल मी तिच्या हातात देत होते. ब्यॉन सरांनी मार्चपासून आमच्या वर्गात यादी लावणं बंद केलं. शेजारच्या वर्गांत ती लागतच होती. वर्षअखेरीस सरांनी बदली मागून घेतली आणि दक्षिणेकडच्या एका बेटावरच्या लहान शाळेत गेले. मावशींनी चेरी फुलायच्या सुमारास गाडी विकली आणि मोक्पोला बहिणीकडे राहायला गेल्या. जाण्याआधी एकदा सर पुढच्या फाटकानं बाहेर येताना आणि गाडीपाशी थांबून खाताना दिसले. 

सिनेमा ऑगस्टमध्ये लागला आणि दहा दिवसांत उतरला. मी नि सोल्बी बघायला गेलो. माझी पाठ पडद्यावर आली की पुढच्या रांगेतल्या दुसऱ्या शाळेच्या मुली किंचाळायच्या आणि एकमेकींना बिलगून हसायच्या. सोल्बी मला कोपरानं ढोसत होती, "बघ, तुझ्यासाठी ओरडतायत!" मी हसायचा प्रयत्न केला. मध्यंतरानंतर मला तिथे बसवेना. मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले आणि आईला फोन करून सांगितलं की सिनेमा काही खास नाही, मी घरी येतेय.