मधला सूर

नाचाच्या हॉलमधला पियानो मी सत्तावीस वर्षं सुरात लावून देतोय. त्याच्यासमोर झाली तेवढी भांडणं एखाद्या कोर्टातही झाली नसतील.

तो दोन सख्खे भाऊ वाजवायचे. एकाच बाकावर, एकमेकांकडे पाठ करून. लहानपणी दोघांत मारामारी नको म्हणून बापानं वाटणी करून दिली होती. कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन सूर. खालचा आणि वरचा थोरल्याचा, मधला धाकट्याचा. पुढे बाप गेला, घर विकलं, बोलणं बंद झालं. वाटणी तेवढी टिकली.

थोरला मला सांगायचा, "खालचा सूर म्हणजे पाया, वरचा म्हणजे छप्पर. मधे काय, हवा."

"दादाला सांगा," धाकटा मलाच सांगायचा, "लोकांनी हसायचं की रडायचं ते माझं बोट ठरवतं." आणि खोटं नव्हतं ते. मधला सूर एका पट्टीनं खाली सरकला की हसरी कॉर्ड रडवेली होते.

एक दिवस हॉलच्या मालकीणबाई वैतागल्या. "शनिवारी दुपारी एकेकट्यानं वाजवून दाखवा. एक राहील, दुसरा घरी."

"याला घालवायला शनिवार कशाला हवा?" थोरला भिंतीला म्हणाला.

शनिवारी तो आधी बसला. पाया आणि छप्पर दणदणीत, मधे भगदाड. नाचणाऱ्या जोड्यांना कळेना, आनंदाचं आहे की दुःखाचं. एका बाईंच्या चेहऱ्यावर अर्धं हसू आलं ते तिथंच अडकलं. मंगळवारपर्यंत निघालं नाही. थोरल्यानं अंगठ्यानं मधला सूर धरायचा प्रयत्न केला, पण जन्मात तिकडे न गेलेला अंगठा भलत्याच पट्टीवर जाऊन पडला. धाकटा खुदखुदला.

मग धाकटा बसला. टप्. टप्. टप्. एक गृहस्थ उठून मोरीतला नळ बंद करून आले.

"दोघं मिळून जेमतेम एक होता," मालकीणबाई म्हणाल्या. "दोघंही राहा. पण कॉर्ड पुरी झाल्याशिवाय कुणी हात उचलला, तर तो घरी."

"सरक," धाकटा म्हणाला. थोरल्याशी अकरा वर्षांतला पहिला शब्द.

तेव्हापासून प्रत्येक गाण्याच्या शेवटी हेच चालतं. गाणं शेवटच्या कॉर्डवर येतं, थोरला आपले दोन सूर दाबतो, आणि धाकट्याचं बोट मधल्या सुराच्या वरच्या पट्टीवर अडून बसतं. एक पायरी उतरलं की संपलं. ते उतरत नाही. अख्खा हॉल श्वास रोखून. थोरल्याला हात उचलता येत नाहीत, कान लालबुंद होतात. धाकटा दुसऱ्या हातानं पाणी पितो, चष्मा पुसतो, मला तब्येत विचारतो. मग मनात येईल तेव्हा बोट उतरवतो. लोक टाळ्या वाजवतात. काय भावना आहे, म्हणतात.

काल थोरला न राहवून कुजबुजला, "उतरव ना रे."

धाकट्यानं बोट तसंच ठेवलं. "माझ्याशी बोलताय? इथं तर हवा बसलीय."